गलतियातील निराळी सुवार्ता

गलतिया प्रांतातील, म्हणजे सांप्रतच्या तुर्कस्तानातील, मंडळ्यांत जे उपदेशक शिरले ते ख्रिस्ताला नाकारीत नव्हते. ख्रिस्त पाहिजेच, परंतु तारणास सुंताही पाहिजे, एवढेच त्यांचे म्हणणे होते; म्हणूनच लोक फसले.

पौल आपल्या बहुतेक पत्रांच्या आरंभी मंडळीबद्दल देवाचे आभार मानितो. या पत्रात ते नाहीत. अध्याय 1, वचन 8 यात तो बजावितो की, निराळी सुवार्ता सांगणारा आपण स्वतः असो किंवा स्वर्गातील दूत असो, तो शापास पात्र होय. 'आपण स्वतः' हे उपदेशक बंधूंनी ध्यानात घ्यावे. सांगणाऱ्याचे तेज वा दृष्टांत पाहू नयेत. काय सांगितले ते पाहावे.

दुसऱ्या अध्यायाची 11 ते 14 ही वचने तर आम्हांस अधिकच झोंबतात. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंच्या पंक्तीस जेवीत असे. याकोबाकडून काही लोक येताच तो भिऊन वेगळा झाला. बर्णबादेखील त्याच्यामागे गेला. पेत्राने काही चुकीचा उपदेश केला असे तेथे लिहिलेले नाही. तो पंगतीतून उठला, इतकेच. तरी ही चाल सुवार्तेच्या सत्यास धरून नाही, असे पौलाने सर्वांसमक्ष त्यास सांगितले.

गावात कोणी येऊन अमुक तेलावाचून वा अमुक देणगीवाचून तारण पुरे होत नाही असे म्हणू लागला, तर हे पत्र उघडून त्यास दाखवावे. आणि नव्याने बाप्तिस्मा घेतलेले कुटुंब आपल्या प्रीतिभोजनात कोठे बसते, हेही त्याच आठवड्यात पाहावे.