सेन्सर बदलायचा की धुवायचा?

प्रश्न : माझी डिझेल गाडी पिकअप घेत नाही. मेकॅनिक एअरफ्लो सेन्सर बदला म्हणतो. घरी साफ करून भागेल का?

उत्तर : आधी साफ करून बघाच, नवा सेन्सर महाग पडतो. तो एअर फिल्टरच्या डब्यानंतरच्या नळीवर असतो. आतली तापवलेली तार किंवा पातळ पट्टी वाऱ्याने किती गार होते, त्यावरून इंजिनात शिरणारी हवा मोजली जाते. तिच्यावर धूळ-तेलाचा थर बसला की माप चुकतं. इंजिन गार असताना, इग्निशन बंद करून सेन्सर काढा. एअरफ्लो सेन्सरसाठीच्या एमएएफ क्लीनरचाच स्प्रे थोडा लांबून मारा. कार्बोरेटर क्लीनर नको. कापूस, ब्रश, बोट तर मुळीच लावू नका. पूर्ण वाळल्यावरच बसवा. फरक पडला नाही, तर टर्बोच्या नळ्यांची गळती तपासून घ्या. बऱ्याचदा खरा चोर तिथेच सापडतो.