बालकाच्या छातीतील गाठ आणि सुईची तपासणी : पालकांसाठी माहिती

ताप, खोकला आणि धाप ही लक्षणे लहान मुलांमध्ये बहुतेक वेळा न्यूमोनियाची असतात व औषधोपचाराने बरी होतात. मात्र उपचार पूर्ण होऊनही एक्स-रेमधील डाग कायम राहिल्यास केवळ अंदाजाने औषधे बदलत राहू नये. डॉक्टरांना पुढील तपासणीविषयी विचारावे.

क्वचित हा डाग गाठीचा निघतो. फुफ्फुसातच उगम पावणारा कर्करोग मुलांमध्ये अत्यंत विरळ आहे; मूत्रपिंड, हाड अशा अन्य अवयवांतून तेथे पसरलेला कर्करोग तुलनेने अधिक आढळतो. छातीच्या तक्रारीसाठी आलेल्या बालकाच्या पोटाची सोनोग्राफी सांगितली जाते, ती याच कारणाने. मूळ फुफ्फुसाच्या गाठींपैकी प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा ही प्रामुख्याने सहा वर्षांखालील बालकांना होते.

सी.टी. स्कॅनमुळे गाठीची जागा व आकार कळतो. ती कोणत्या प्रकारची आहे हे पेशी पाहिल्यावरच निश्चित होते. त्यासाठी रक्त काढण्याच्या सुईइतकी बारीक सुई सोनोग्राफी किंवा सी.टी.च्या साहाय्याने गाठीपर्यंत नेऊन थोड्या पेशी घेतात. बालकाला गुंगीचे औषध किंवा भूल दिली जाते. पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्याच नमुन्यातून क्षयरोगाचीही तपासणी होऊ शकते.

अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्लास्टोमामध्ये गोल आणि लांबट अशा भिन्न पेशी एकत्र असतात. सुईत त्यांपैकी एकच प्रकार आला तर नेमके निदान होत नाही. ‘नमुना अपुरा’ याचा अर्थ ‘आजार नाही’ असा मुळीच नव्हे. अशा वेळी जाड सुईने तुकडा काढणे किंवा शस्त्रक्रियेद्वारे नमुना घेणे आवश्यक ठरते. त्यास नकार देऊन घरी परतू नये.

‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती अनेक घरांत आढळते. सुईच्या मार्गात पेशी रुजल्याची उदाहरणे आहेत, पण ती फारच विरळ. निदानाविना गेलेले आठवडे बालकाला कितीतरी महाग पडतात. अर्थात प्रत्येक गाठीला सुई लावत नाहीत. पाण्याने भरलेली हायडॅटिड गाठ फुटल्यास तीव्र अ‍ॅलर्जीचा धोका असतो, तर ब्लास्टोमाची केवळ पोकळ स्वरूपाची गाठ सहसा शस्त्रक्रियेनेच काढतात. म्हणून डॉक्टरांनी सुई टाळली तर तो हलगर्जीपणा समजू नये.

तपासणीनंतर फुफ्फुसाभोवती हवा साठू शकते, यास्तव काही तास देखरेख ठेवून एक्स-रे काढतात. घरी आल्यावर धाप वाढली, ओठ निळसर झाले, छातीत दुखू लागले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर रात्र असली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा झालेल्या बहुसंख्य बालकांमध्ये डायसर-१ या जनुकात जन्मतः बदल असतो. हे निदान झाल्यास भावंडांच्या तपासणीविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दुसऱ्या रुग्णालयात जाताना केवळ अहवाल पुरत नाही. मूळ काचपट्ट्या आणि मेणातील ठोकळे मागून घ्यावेत, म्हणजे बालकाला पुन्हा सुई टोचण्याची वेळ बहुधा येत नाही. आयुष्मान भारत योजनेतील पात्रतेची चौकशी १४५५५ या क्रमांकावर करता येते.