आधी नाव आपलं करा, मग गाजवा

मसाल्याच्या धंद्यात ऑनलाइन प्रसिद्धीपायी हात पोळल्यावर मी हे लिहितो आहे, आणि राग अजून गेलेला नाही. म्हणणं एकच आहे. पाकिटावरचं नाव ‘घरगुती’, ‘गावरान’, ‘अस्सल’, ‘आजीची चव’ अशा सर्वांच्या वापरातल्या शब्दांचं असेल, तर त्याच्या जाहिरातीवर घातलेल्या पैशाचा मोठा वाटा स्पर्धकांच्या गल्ल्यात जातो. प्रसिद्धीचं काम घेणाऱ्या एजन्सीला हे कळत नसेल, यावर माझा विश्वास नाही. तरी पहिल्या बैठकीत बोलणं होतं ते महिन्याला किती रील, किती पोस्ट आणि बूस्टला किती रक्कम एवढंच. रिच आणि लाइक मोजून बिल लावता येतं. ‘हे नाव आधी बदला’ या सल्ल्याचं बिल लागत नाही, उलट काम लांबतं. ‘तुम्हीच आधी विचारायला हवं होतं’ असं आता जे ऐकवतात त्यांना माझं उत्तर आहे की वैद्याकडे जाणाऱ्याने रोगाचं निदान बरोबर घेऊन जायचं नसतं. सल्ल्याचे पैसे घेणाऱ्याने सल्ला द्यायलाच हवा.

कायदा याबाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ च्या कलम ९ नुसार मालाचा प्रकार, दर्जा किंवा मूळ ठिकाण एवढंच सांगणाऱ्या शब्दांना सहसा नोंदणी मिळत नाही. धर्मग्रंथाचं नावही एकट्याचं करता येत नाही: अगरबत्ती-धूपासाठी ‘रामायण’ या नावावर एका व्यापाऱ्याला हक्क सांगता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ठरवलं. यात अन्याय काही नाही. ‘घरगुती’ हा शब्द एकाला दिला तर बाकीच्यांनी आपल्या मसाल्याचं वर्णन करायचं कसं? पण याचाच अर्थ असा, की अशा नावाला तुम्ही कितीही चमकवा, उद्या शेजारचा तेच शब्द छापू लागला तर त्याला थांबवणं फार अवघड जातं.

कोल्हापुरी चपलेचं उदाहरण ताजं आहे. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं; महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांना ते लागू आहे. जून २०२५ मध्ये मिलानमध्ये प्राडाच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या, कोल्हापूरचा उल्लेख नव्हता म्हणून गदारोळ झाला आणि कंपनीला भारतीय कारागिरीचं ऋण मान्य करावं लागलं. तेव्हा जगभर नाव गाजलं ते ‘कोल्हापुरी’चं. एकाही कारागिराचं नाव लोकांच्या लक्षात राहिलं नाही. मानांकन हवंच, ते सगळ्या समूहाचं संरक्षण आहे; पण त्याच्या आत प्रत्येक उत्पादकाला स्वतःची वेगळी खूण लागतेच. याउलट ‘विको’ पाहा. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीच्या आद्याक्षरांचं हे नाव दंतमंजनाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणूनच ते दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी १९६६ पासून तीच आहे. नाव झाकलं तरी ओळखू येते. वेगळेपणा आधी ठरला आणि मग वर्षानुवर्षं तोच दाखवला गेला.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे वर्णन करणारं नाव गूगलवर लवकर सापडतं. पहिल्या विक्रीपुरतं हे खरं असेल. पण वर्णन वस्तूच्या शीर्षकात आणि पानावरच्या मजकुरात घालता येतं, त्यासाठी नाव खर्ची घालावं लागत नाही. खरी कसोटी दुसऱ्या खरेदीची असते. चव आवडलेलं गिऱ्हाईक महिन्याने तेच नाव शोधतं आणि त्याच शब्दांची इतर दुकानं समोर येतात, तेव्हा आपण मिळवलेलं गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात उतरतं. दुसरा आक्षेप असा, की वर्णनात्मक नावांचेही मोठे ब्रँड झाले आहेत. झाले आहेत, आणि दीर्घ वापराने नाव एकाचीच ओळख बनलं असेल तर कलम ९ नोंदणीला वाट ठेवतं. पण ते सिद्ध करायला विक्री आणि जाहिरातखर्चाचे कित्येक वर्षांचे कागद लागतात. नव्या उद्योजकाकडे ते कुठून असणार?

म्हणून नाव ठरवण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर शोध घ्या. तो फुकट आहे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगांना एका वर्गाच्या ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये आहे. ज्यांना ती जड वाटते त्यांनी ती जाहिरातीच्या पॅकेजशी ताडून पाहावी. डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घ्या. गूगलवरच्या व्यवसाय-नोंदीचे मुख्य मालक तुम्हीच असा, एजन्सीला फक्त व्यवस्थापकाचा अधिकार द्या. लोगो बाहेरच्या चित्रकाराकडून काढून घेतला तर नुसती पावती पुरत नाही, हक्क लेखी लिहून घ्या आणि मुदतही लिहा, कारण मुदत लिहिली नसेल तर प्रताधिकार कायद्याप्रमाणे ते हस्तांतर पाचच वर्षांचं धरलं जातं. पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अशी हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनेच लिहून ठेवलं आहे. विकतचे फॉलोअर आणि खोटे अभिप्राय घेऊ नका. बाकी फोटो चांगल्या उजेडात काढावेत, गिऱ्हाइकाला वेळेवर उत्तर द्यावं, सातत्य ठेवावं, हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे.

एजन्सी नेमायचीच असेल तर करारावर सही करण्याआधी एक प्रश्न लेखी विचारा: उद्या आपला संबंध संपला तर नाव, लोगो, डोमेन, पानं आणि पासवर्ड यांपैकी माझ्या हातात काय उरेल? जो याचं उत्तर लिहून देत नाही, त्याला आगाऊ रक्कम देऊ नका. तो किती गोड बोलतो, याला काडीची किंमत नाही.