परसातील कोंबडी अंडी कमी का घालते?

परसातील कोंबड्यांविषयी एक तक्रार ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत आणि पंचायत समितीच्या कार्यालयात वारंवार ऐकू येते. खुराडे बांधले, पक्षी आणले, दाणा घातला. परंतु सांगितली होती तितकी अंडी काही मिळत नाहीत. मग सहा-आठ महिन्यांत कोंबड्या बाजारात जातात आणि योजना फसली असा शेरा दप्तरी पडतो. या कोंबड्या बहुधा घरच्या स्त्रीच्या असतात. मीठ-मिरची, मुलांच्या वह्या, आजारपणात तालुक्याच्या गावी जाण्याचे भाडे, एवढा पैसा त्यांतून उभा राहतो. कोंबड्या मोडीत काढण्याचा निर्णय चुकीच्या हिशोबावर झाला, तर तोटा तिच्या पदरी येतो. म्हणून तो हिशोब प्रथम नीट मांडून पाहिला पाहिजे.

वर्षाला तीनशे अंडी हा आकडा आपल्या कानावर पडतो तो पिंजऱ्यातील व्हाइट लेगहॉर्न वंशाच्या संकरित कोंबडीचा. तिला तयार खाद्य, ठरावीक वेळ प्रकाश आणि सावली लाभते. शिवाय अंड्यावर बसण्याची तिची उपजत प्रवृत्ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने जवळजवळ नाहीशी करण्यात आली आहे. गावठी कोंबडी वर्षाला सुमारे ५० ते ६० अंडी देते. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात तयार झालेली गिरिराज, हैदराबाद येथील वनराज व ग्रामप्रिया अशा परसासाठीच्या सुधारित जाती चांगल्या संगोपनात शंभर ते दीडशेपर्यंत जातात. गावठी कोंबडीकडून तीनशेची अपेक्षा धरणे म्हणजे कोरडवाहू शेताला बागायतीचा उतारा मागणे होय.

तरीही गावठी कोंबडी पन्नास-साठावरच का थांबते, हा प्रश्न उरतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या एका गावी पशुधन पर्यवेक्षकांबरोबर जाण्याचा योग आला होता. पर्यवेक्षकांनी एका वृद्ध बाईंना विचारले, “मावशी, तुमची ही कोंबडी वर्षाकाठी किती अंडी देते?” बाई म्हणाल्या, “अंडी कोण मोजतंय साहेब? आम्ही पिलं मोजतो.” प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, पशुवैद्यक नव्हे, परंतु या एका उत्तराने त्याला जे उमगले, ते पुस्तिकांमधील तक्त्यांनी उमगले नव्हते.

कोंबडीच्या शरीरात एक अंडे तयार होण्यास २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी सुमारे २० तास केवळ कवच चढण्यात जातात. त्यामुळे दिवसाला एकाहून अधिक अंडे मिळणे शक्य नाही, आणि गावठी कोंबडी तर मध्ये मध्ये खाडा करते. दहा-बारा अंड्यांची एक खेप घालण्यास तिला पंधरा-वीस दिवस लागतात. मग ती खुडुक होते. २१ दिवस अंडी उबवते. पिले निघाली की दोन-अडीच महिने त्यांना घेऊन उकिरडा उकरीत हिंडते, घारीपासून जपते. या सबंध काळात ती अंडे घालीत नाही. अशी एक फेरी पुरी होण्यास सुमारे चार महिने लागतात; वर्षात तीन, फार तर चार फेऱ्या होतात. याखेरीज जुनी पिसे झडून नवी येण्याचा काळ निराळा. त्या दिवसांत शरीरातील प्रथिने पिसांकडे वळतात आणि अंडी थांबतात. म्हणजे वर्षातील बराच मोठा भाग ही कोंबडी उबवणी यंत्राचे आणि दाईचे काम करीत असते. तिला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे.

खाण्यासाठी वा विक्रीसाठी अंडीच हवी असतील, तर खुडुक कोंबडीचे अंग उतरवावे लागते. गावोगावी तिला पाण्यात बुचकळतात, क्वचित नाकपुडीत पीस खुपसतात. ही पीडा अनावश्यक आहे. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात वा टांगलेल्या डालग्यात तिला तीन-चार दिवस ठेवावे, दाणा-पाणी चालू ठेवावे; पोटाला गारवा मिळताच खुडुकपणा जातो आणि काही आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. मात्र सर्वच कोंबड्यांना असे उठवून चालणार नाही. सुधारित जातींच्या कोंबड्या स्वतः क्वचितच अंडी उबवितात. त्यांची अंडी उबविण्यासाठी गावात खुडुक बसणारी गावठी कोंबडी लागतेच, नाहीतर प्रत्येक वेळी पिलांसाठी उबवणी केंद्राकडे धाव घ्यावी लागते.

दाणा, पाणी आणि ऊन

पिंजऱ्यातील कोंबडीला दिवसाला सुमारे ११० ग्रॅम संतुलित खाद्य मिळते आणि त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने असतात. परसातील कोंबडीला जे वेचता येईल तेवढेच. सुगीत खळ्यावर दाणा सांडलेला असतो, पहिल्या पावसानंतर किडे-गांडुळे मुबलक असतात. उलट चैत्र-वैशाखात जमीन भाजून निघते, तर पेरणीच्या दिवसांत बियाणे उकरू नये म्हणून कोंबड्या कोंडून ठेवतात. अंड्यांची घट नेमकी याच महिन्यांत दिसते. अशा वेळी संध्याकाळी खुराड्यात शिरण्यापूर्वी प्रत्येक पक्ष्यामागे मूठभर दाणा द्यावा. तो निव्वळ मका वा ज्वारी असू नये, कारण त्याने चरबी वाढते, अंडी नव्हे. तांदळाची कणी, कोंडा आणि थोडी भुईमूग पेंड यांचे मिश्रण बरे. पेंडीला बुरशी लागलेली नसावी. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते, ते कोंबडीने आणावे कोठून? शिंपल्यांची चुरी, अथवा घरचीच टरफले भाजून बारीक कुटून ठेवावीत.

पाण्याकडे मात्र सर्रास दुर्लक्ष होते. अंड्याच्या आतील भागात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते. पारा पस्तिशीच्या वर गेला की ती खाणे टाकते. धापा टाकल्याने रक्तातील कर्बवायू घटतो, आणि कवच बनविण्यास लागणारे द्रव्य कमी पडून टरफल पातळ होते. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावलीत मातीच्या परळात दिवसातून दोनदा बदललेले गार पाणी ठेवावे. याहून स्वस्त उपाय नाही.

प्रकाशाविषयी बरेच लिहिले जाते. मेंदूतील ग्रंथी प्रकाशाने उद्दीपित होते आणि भरपूर अंड्यांसाठी १४ ते १६ तास उजेड हवा, हे खरे. परंतु युरोपातील हिवाळ्याचा काळोख आपल्याकडे नाही. महाराष्ट्रात डिसेंबरचा दिवसही सुमारे ११ तासांचा असतो. खुराड्यात दिवा लावण्याआधी परळात पाणी आहे की नाही ते पाहावे.

न सापडलेली अंडी

कित्येकदा अंडी कमी घातलेली नसतात, कमी सापडलेली असतात. कोंबडी कडब्याच्या गंजीत, सरपणाच्या ढिगाआड जागा धरते; तेथून मुंगूस, साप, कावळा आपला वाटा नेतात. फुटके अंडे चाखलेली कोंबडी स्वतःच अंडी खाऊ लागते. आडोशाला, थोड्या अंधाऱ्या जागी गवत घातलेली टोपली ठेवावी, तीत एक अंडे राहू द्यावे आणि बाकीची रोज उचलावीत. कोणती कोंबडी अंड्यावर आहे हे ओळखणेही सोपे आहे. तिचा तुरा लाल व टवटवीत असतो आणि गुदद्वाराच्या दोहो बाजूंस लागणाऱ्या हाडांच्या टोकांमध्ये दोन बोटे सहज मावतात. तेथे एकच बोट जेमतेम मावत असेल, तर ती सध्या घालीत नाही.

जंत, उवा व पिसवा कोंबडीला हळूहळू पोखरतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली तर खुराडेच रिकामे होते आणि वाचलेल्या कोंबड्यांची अंडी थांबतात. त्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात लासोटा डोळ्यात वा नाकात थेंब टाकून, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी टोचून देतात. अंड्यावर असलेल्या कोंबडीस दुसरी लस दिल्यास काही दिवस अंडी घटतात, म्हणून ती तलंग असतानाच टोचलेली बरी. अडचण आहे ती कुपीची. एका कुपीत शंभर वा अधिक मात्रा असतात. ती बर्फात ठेवावी लागते आणि विरघळविल्यावर काही तासांतच संपवावी लागते. सहा-सात कोंबड्या बाळगणाऱ्या एकट्या घराला हे परवडत नाही. ग्रामपंचायतीने पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून दिवस ठरवावा, आदल्या संध्याकाळी वाडीवाडीवर निरोप द्यावा आणि पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी घरोघर फिरावे. एकदा कोंबड्या रानात पांगल्या की हाती लागत नाहीत.