बाजारातील भाजी आणि बादलीतील पाणी



पहाटे मेथी उपटली, जुड्या बांधल्या, गाडीत घालून बाजारात मांडली की शेतीचे काम संपले, असे आपण मानतो. परंतु पाटीपाशी बसल्या क्षणापासून आपण विक्रेते झालेले असतो. मालाला शेतात जपलेले असते; पुढच्या सहा-सात तासांत त्याची स्वच्छता बिघडली तर ती आपल्याच हातून बिघडते.

अहिल्यानगर शहरालगत असलेल्या भिंगारच्या आठवडे बाजारात आसपासच्या गावांतील शेतकरी स्वतः भाजी घेऊन बसतात. तेथे एका मेथीवाल्या मावशींशेजारी मी तासभर बसलो होतो. मावशी दर थोड्या वेळाने बादलीत हात बुडवून जुड्यांवर पाणी मारीत. त्याच बादलीत त्यांनी मातीचे हात धुतले, नातवाचे तोंडही पुसले. हे पाणी कुठले, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "सकाळी घरून आणलं होतं. संपलं की मिळंल तिथून बादली भरते." घाण पाण्याने जुलाब होतात हे ठाऊक आहे का, यावर हसून म्हणाल्या, "न कळायला काय झालं? घरी भाजी दोनदा धुते मी. पण इथं हात धुवायला उठले तर पाटीवर कोण बसंल?"

मावशींचे उत्तर मला पटले. आपण विस्ताराची माणसे विक्रेत्यांना ज्ञान नाही असे गृहीत धरून व्याख्याने देतो. प्रत्यक्षात अडचण बहुधा ज्ञानाची नसते, हाताशी पाणी नसण्याची असते. तेव्हा सोय आपणच पाटीपाशी नेली पाहिजे.

पाण्याची व्यवस्था

तोटी असलेला वीस लिटरचा झाकणाचा कॅन पिण्याच्या पाण्याने भरून न्यावा. त्यात हात किंवा तांब्या बुडवू नये. तोटीखालीच हात धुवावेत. साबणाची वडी दोरीने कॅनलाच बांधून ठेवावी, म्हणजे ती हरवत नाही. शौचास जाऊन आल्यावर, लहान मुलाचे काही केल्यावर आणि खाण्यापूर्वी साबण लावल्याशिवाय भाजीला हात लावू नये. भाजीवर मारायचे पाणी याच कॅनमधून झाकणाला भोके पाडलेल्या बाटलीत घ्यावे. वारंवार पाणी मारण्यापेक्षा स्वच्छ ओले गोणपाट झाकले तर पाला अधिक वेळ टवटवीत राहतो. मात्र गोणपाट दर बाजारानंतर धुऊन उन्हात वाळवावे. युरियाची किंवा औषधाची रिकामी गोणी भाजीखाली अंथरण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, ती सोडावी.

ओढ्याच्या किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात जुड्या बुचकळल्या तर पाला चकचकीत दिसतो, पण विष्ठेतील जंतू पानांच्या बेचक्यांत बसतात. मेथी शिजते, कोथिंबीर, मुळा, गाजर, काकडी मात्र कच्चीच खाल्ली जाते. अशा मालाची माती आधी साध्या स्वच्छ पाण्याने काढावी, कारण मातीत क्लोरीन वाया जाते. नंतर क्लोरीनच्या पाण्यात पाच मिनिटे ठेवून पुन्हा चांगल्या पाण्यातून काढावा. २५ टक्के क्लोरीन असलेली ब्लीचिंग पावडर १० लिटर पाण्यास २ ग्रॅम घेतली असता सुमारे ५० पीपीएमचे द्रावण होते. पावडर आधी थोड्या पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा व वरची निवळी वापरावी. पुडा उघडा राहिल्यास तिची ताकद उतरते. फवारणीनंतरचा प्रतीक्षा काळ हा वेगळा विषय आहे. धुण्याने तो टळत नाही, एवढे लक्षात ठेवावे.

मोड आणि कापलेली फळे

बाजारात मोड आलेली मटकी, मूग विकणाऱ्या भगिनींनी अधिक सावध राहावे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते, तीच जंतूंनाही मानवते. २०११ साली जर्मनीत मोडांतून ई. कोलाय जंतूची मोठी साथ पसरली. सुमारे चार हजार लोक आजारी पडले, पन्नासच्या वर दगावले, आणि तपासाअंती संशय मेथीच्या बियांवर स्थिरावला. प्रगत देशात, तीही आपल्या ओळखीच्या मेथीने ही वेळ आणली. कडधान्य भिजवण्याचे पाणी पिण्याचेच असावे, फडके दर खेपेस उकळून घ्यावे आणि मोड शिजवूनच खावेत, असे गिऱ्हाइकास सांगावे. सांगितल्याने गिऱ्हाईक तुटत नाही.

कलिंगडाच्या फोडी करून विकण्याचा मोह उन्हाळ्यात होतो. अनुकूल स्थितीत जंतू दर २० मिनिटांनी दुप्पट होतो. म्हणजे सकाळी दहा वाजता सुरीवरून फोडीवर गेलेला एक जंतू तासाभरात ८, आणि सायंकाळी पाचपर्यंत वीस लाखांच्या वर जाऊ शकतो. फळ गिऱ्हाइकासमोर, धुतलेल्या सुरीने आणि लागेल तेवढेच कापावे. उरलेल्या फोडी जनावरांना घालाव्यात.

कायद्याची एक बाबही येथे येते. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ शेतकऱ्याला आणि त्याच्या शेतावरील पिकाला लागू होत नाही. पण कापलेली फळे, रस, भेळ विकू लागलात की तुम्ही अन्न व्यावसायिक ठरता; २०११ च्या नियमांनी फेरीवाल्यांनाही नोंदणी लागू केली. वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधून देण्यासही २०१८ च्या नियमांनी मनाई आहे.

नोटा-नाणी मोजलेल्या हातानेच आपण फोड उचलतो, हे राहून गेले. दोघे जण असाल तर एकाने पैसे घ्यावेत, दुसऱ्याने माल द्यावा. एकटेच असाल तर फोडीसाठी चिमटा ठेवावा. मावशींना मी कॅनचे सुचवले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न केला तो त्याच्या वजनाचा. वीस लिटरचे ओझे वीस किलोचे, हे खरे. म्हणून एसटीने येणाऱ्यांनी शेजारच्या दोन-तीन पाट्यांत मिळून एक कॅन करावा आणि आळीपाळीने आणावा.