घातलेले जनुक परत काढता येते काय?



दिघोरीच्या गटसभेत ऊसतोडीचा विषय संपल्यावर एक सभासद उभे राहिले. म्हणाले, "साहेब, कापसात बीटी आलं, उद्या उसातही येईल. पण पिकात घातलेलं जनुक नको झालं, तर काढता येते का?" त्या दिवशी उत्तर अर्धवट राहिले, ते येथे पुरे करतो.

आपल्या देशात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्यातले जनुक मातीतल्या एका जिवाणूचे आहे. परके जनुक पिकात घालण्याच्या मुख्य वाटा दोन. झाडाला गाठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा जिवाणू आपली जनुके झाडात सोडतो. त्याच्याच हाती आपले जनुक द्यायचे. नाहीतर सोन्याच्या अतिबारीक कणांना जनुक चिकटवून ते पेशींवर मारायचे. ते कोठे जाऊन बसेल यावर मात्र ताबा नसतो. आवत्या धानासारखे, दाणा पडेल तिथे पडेल.

शिवाय लाखो पेशींतल्या थोड्याच जनुक स्वीकारतात. त्या ओळखण्यासाठी सोबत एक खुणेचे जनुक घालतात, पुष्कळदा प्रतिजैविक औषधाला दाद न देणारे. औषध टाकले की बाकीच्या पेशी मरतात. खुणेचे काम तिथेच संपते, पण ते जनुक झाडात जन्मभर राहते. काढायचे असते ते मुख्यतः हेच.

धानात हे काम सोपे. आपल्या बांधीतला १०१० सर्वांना ठाऊक आहे. त्याच्यापासून दिल्लीच्या संस्थेने केलेला पुसा डीएसटी राईस १ हा वाण ४ मे २०२५ रोजी जाहीर झाला. यात धानाच्याच एका जनुकात क्रिस्पर नावाच्या कात्रीने बदल केला आहे. काम झाल्यावर कात्री नको. ती एकाच जागी बसली असेल, तर त्या झाडाच्या बियांतून साधारण चारांत एक रोप कात्रीविना निघते, तेच निवडायचे. कात्री गेली, काप राहिला. परके जनुक न उरलेल्या अशा वाणांना केंद्राने मार्च २०२२ मध्ये काही कडक नियमांतून सूट दिली.

ऊस मात्र टिपरीवर चालतो. को ८६०३२ ची टिपरी लावली तर को ८६०३२ च येणार. तुऱ्याच्या बियांपासून रोपे केली तर प्रत्येक रोप निराळे, वाणच मोडला. त्यात उसाच्या पेशीत शंभरावर गुणसूत्रे! धानाची युक्ती येथे चालत नाही.

म्हणून दुसरी कात्री वापरावी लागते. जिवाणूंना लागणाऱ्या एका विषाणूत क्रे नावाचे प्रथिन आहे. ते लॉक्स नावाची ३४ अक्षरांची खूण ओळखते. नको त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकाच दिशेच्या दोन खुणा आधीच घालून ठेवायच्या. क्रे मधला तुकडा काढून टोके जोडते. खुणा उलटसुलट पडल्या तर तुकडा निघत नाही, जागीच उलटा होतो. क्रेचे जनुकही त्याच तुकड्यात ठेवले, आणि उष्णता दिल्यावरच ते जागे होईल असे केले, तर कात्री स्वतःलाही कापून नेते. मागे एक लॉक्स खूण उरते. पुढचे जनुक नेमके तिथे बसविण्यास तिचा खुंटीसारखा उपयोग होतो. आवत्याची रोवणी होते म्हणा ना!

पण ही तयारी जनुक घालतानाच करावी लागते. खुणा नसलेल्या वाणातून मागाहून ते असे उपटता येत नाही. शिवाय कात्री प्रत्येक पेशीत चालेलच असे नाही. एका डोळ्यातून तुकडा निघाला, शेजारच्यात राहिला, असे होते. म्हणून रोपे एकेक तपासावी लागतात.

ब्राझीलने २०१७ मध्ये खोडकिड्याविरुद्धच्या बीटी उसाला मान्यता दिली. भारतात जनुक बदललेला ऊस लावण्यास अद्याप परवानगी नाही. 'बीटी ऊस' म्हणून कोणी बेणे दाखवू लागला तर घेऊ नये. गट कार्यालयास कळवावे.

सभा उठताना त्याच सभासदांनी विचारले होते, "आणि खोडव्यात?" खोडवा त्याच बुडख्यातून फुटतो. लागणीच्या उसात जे होते ते खोडव्यातही राहणार.