निळा धूर म्हणजे बोअर गेलाच का?

प्रश्न : आमच्या मोठ्या बाबांची 2002 सालची फियाट पालिओ 1.6 जीटीएक्स बल्लारपूरच्या घरी छपरीत काही वर्षं नुसती उभी होती. बॅटरी आणि पेट्रोल बदलल्यावर ती सुरू झाली, पण मागून निळा धूर सोडते. मिस्त्री म्हणतात, ‘बोअर गेला, फुल इंजिन करावं लागेल.’ शेजारचे काका म्हणतात, एकदा खोललेलं इंजिन पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. मित्र म्हणतो, बोअर केल्यावर गाडी आणखी पळते. खरं कोणाचं? आणि हे काम घरच्या घरी जमेल का?

उत्तर : तिघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे आणि बरंच ऐकीव आहे. मात्र तुम्ही न विचारलेला एक प्रश्न या सगळ्यांच्या आधी येतो : बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, खरंच झिजून गेला आहे, हे मोजलं कोणी?

आधी गाडीविषयी थोडं, कारण ती साधी नाही. छोट्या, मागे उघडणाऱ्या दाराच्या गाडीत मोठं इंजिन बसवायची कल्पना फोक्सवागनच्या गोल्फ जीटीआयने 1976 पासून जगभर लोकप्रिय केली. आपल्याकडे ती मजा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा चाखली ती 2001 मध्ये आलेल्या पालिओच्या 1.6 मध्ये. जाहिरातीत सचिन तेंडुलकर होता आणि गाडी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनत होती, म्हणजे जिथून पूर्वी पद्मिनी गाड्या बाहेर पडायच्या तिथेच. इंजिन 1596 सीसी, चार सिलिंडर, सोळा वॉल्व्ह, ताकद सुमारे 100 अश्वशक्ती. त्या काळच्या छोट्या गाड्यांत हा आकडा मोठा होता. पेट्रोलही ती त्याच हिशेबाने प्यायची, हे मोठ्या बाबांना विचारलंत तर ते सांगतील.

आता धूर. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. गरम इंजिनातून सतत निघणारा दाट पांढरा धूर म्हणजे पाणी जळतंय, बहुधा हेड गॅस्केटची तक्रार. निळा म्हणजे ऑईल जळतंय. इथवर मिस्त्रींचं निदान बरोबर आहे. पण ऑईल जळण्याच्या जागेपर्यंत दोन वाटांनी पोचतं : खालून पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने, किंवा वरून वॉल्व्हच्या दांडीवरून. दांडीवर रबरी सील असतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते कडक होऊन चिरतं. रात्रभर थेंब थेंब ऑईल आत उतरतं आणि सकाळी स्टार्टर मारताच निळा लोट उठतो, मग गाडी तापली की तो विरतो. हा धूर सीलचा. उलट, चढावर ॲक्सिलरेटर दाबला की जो धूर वाढतो आणि गाडी तापली तरी जात नाही, तो रिंगांचा.

नुसत्या डोळ्यांवर विसंबू नका. कॉम्प्रेशन गेज विकत घ्या किंवा मागून आणा. इंजिन गरम करा, चारही स्पार्क प्लग काढा, इग्निशन आणि पेट्रोलची जोडणी बंद करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहा. मग प्रत्येकात चमचाभर इंजिन ऑईल टाकून पुन्हा मोजा. ऑईलने रिंगभोवतीची फट तात्पुरती बुजते. त्यामुळे दुसरा आकडा चांगला वर चढला तर गळती रिंगेतून आहे. तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा गॅस्केट तपासायचं. चार आकड्यांतला एखादाच दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त घसरलेला असेल, तर बाकीच्या तिघांना शिक्षा करायच्या आधी त्या एकाचं कारण शोधा.

उभ्या गाडीत आणखी एक शक्यता असते. रिंगा झिजलेल्या नसतात, जुन्या ऑईलच्या काजळीने त्या पिस्टनच्या खाचेत नुसत्या अडकलेल्या असतात. प्लगच्या भोकातून पातळ भेदक तेल टाकून दोन दिवस मुरू द्या. मग प्लग न लावताच थोडा वेळ स्टार्टर फिरवा, म्हणजे उरलेलं तेल बाहेर उडेल. त्यानंतर ऑईल बदला, गाडी चालवा आणि पुन्हा मोजा. काही गाड्या एवढ्यावरच सुधारतात. मिस्त्री हे सहसा सुचवत नाहीत, कारण त्यांच्या दारात येऊन उभी राहणारी गाडी वेगळी असते : रोज पळणारी, खरोखर झिजलेली.

समजा, सगळं करूनही रिंगांवरच ठपका आला. मग इंजिन उतरवायचं, हेड काढायचं आणि सिलिंडर बोअर गेजने मोजायचा. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरची रिंग जिथे वळते तिथे उष्णता सर्वांत जास्त आणि ऑईल सर्वांत कमी, म्हणून झीज तिथे सर्वाधिक असते. शिवाय पिस्टन खाली येताना एका बाजूला रेलतो, त्यामुळे भोक गोल न राहता किंचित लंबगोल होतं. ही झीज कंपनीच्या मर्यादेत असेल तर नुसत्या नव्या रिंगा आणि होनिंग (सिलिंडरच्या आत दगडाने बारीक रेघा पाडणं) पुरे. मर्यादेबाहेर असेल तरच बोअर, म्हणजे भोक वाढवून मोठा पिस्टन.

आणि बोअर करायचा ठरला तरी आधी पिस्टन हातात घ्या, मग ब्लॉक मशीनवर पाठवा. क्रम उलटा झाला की भोक तयार आणि पिस्टनच नाही, अशी गत होते. पालिओच्या 1.6 बाबतीत ही भीती खरी आहे, कारण फियाटच्या गाड्या आता आपल्याकडे बनत नाहीत. पालिओ ॲडव्हेंचरमध्येही 1.6 इंजिन असल्याने तिचे सुटे भाग शोधता येतात. पण 1.2 लिटरच्या पालिओचं इंजिन वेगळंच आहे. ‘पालिओचा पिस्टन’ एवढंच सांगून कुरिअर मागवलंत तर डबा परत पाठवावा लागेल.

तुमच्या मित्राचा हिशेबही इथेच करून टाकू. मूळ बोअर 80.5 मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर वाढवून 81 केला तर इंजिन 1596 वरून सुमारे 1616 सीसी होतं, म्हणजे सव्वा टक्का वाढ. ती तुमच्या पायाला कळणार नाही. बोअर केल्यावर गाडी पळते, कारण आधीचं गळकं कॉम्प्रेशन बंद झालेलं असतं. हरवलेली ताकद परत मिळते, नवी मिळत नाही.

होनिंगविषयीही असाच एक गैरसमज आहे. सिलिंडर आरशासारखा चकचकीत असावा, असं अनेकांना वाटतं. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर चटणी वाटली जात नाही म्हणून त्याला टाकी लावतात ना, तसंच इथे आहे. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा ऑईल धरून ठेवतात आणि नव्या रिंगा त्यांच्यावर घासून जागा पकडतात. चकचकीत सिलिंडर बहुधा ऑईल पितो.

घरी काय जमेल? खोलणं, लेबल लावून ठेवणं, धुणं, मोजणं आणि बांधणं हे सगळं. बाहेर काय द्यायचं? बोअरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग आणि वॉल्व्हच्या बैठका. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात ट्रॅक्टरच्या इंजिनांची कामं नेहमीची असल्याने लेथवर बसणारे हात कुशल आहेत. पण 80 मिलिमीटरच्या पेट्रोल इंजिनाचा मेळ ट्रॅक्टरपेक्षा नाजूक असतो. दुकानदाराला ‘क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि सिलिंडरमधली फट, किती ठेवणार?’ एवढं विचारा. तो आकडा सांगत नसेल तर नागपूरची वाट धरा.

मशीनवरून आलेला ब्लॉक पेट्रोलने किंवा रॉकेलने धुवायची आपल्याकडे पद्धत आहे. ती सोडा. होनिंगच्या दगडाची बारीक भुकटी त्याने नीट निघत नाही, नुसती पसरते. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश वापरा. इंजिनाला पाणी लावायचं म्हटलं की घरातले चेहरे बदलतील, पण तेच बरोबर आहे. धुतल्यावर लगेच कोरडं करून ऑईल लावा आणि पांढऱ्या फडक्याने पुसा. फडकं काळं-करडं निघतंय तोवर पुन्हा धुणं आहे. हे काम पावसाळ्यात करू नका, कारण आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या लोखंडी सिलिंडरवर पाहता पाहता गंज धरतो. दिवाळी ते होळी हा उत्तम काळ. तेव्हाही छपरीत कोळशाची धूळ येतेच, म्हणून काम थांबलं की ब्लॉक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

बांधताना रिंग आधी पिस्टनशिवाय सिलिंडरमध्ये सरळ बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजा. या आकाराला ती साधारण 0.3 मिलिमीटर येते, पण शेवटचा शब्द रिंगेच्या पाकिटावरचा. फट फारच कमी असली तर तापल्यावर रिंगेची टोकं एकमेकांना भिडून सिलिंडर ओरखडतो. हेडचे बोल्ट नवे घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा. ‘हाताला कळतं’ हे वाक्य इथे चालत नाही. टायमिंग बेल्टचं काम मात्र एकट्याने करू नका. या सोळा-वॉल्व्ह इंजिनात कॅम जागेवर पकडून ठेवायचं खास हत्यार लागतं, आणि बेल्ट चुकला किंवा तुटला तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. फियाटवर काम केलेला जुना मिस्त्री त्या दिवशी बोलवा आणि त्याला जेवू घाला.

शेजारच्या काकांचं म्हणणं इथे तपासता येतं. कारखान्यातलंही इंजिन कधीतरी सुट्या भागांतून बांधलेलंच असतं. खोलल्याने ते बिघडत नाही. बिघडतं ते धुळीने, न मोजलेल्या फटींनी आणि झिजण्याचं मूळ कारण तसंच सोडून दिल्याने.

ते मूळ कारण आपल्या भागात बहुधा उष्णता असतं. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो, गाडी तापते आणि कोणीतरी थर्मोस्टॅट काढून फेकतं. उन्हाळ्यात बरं वाटतं. पण मग बाकी वर्षभर इंजिन नीट गरमच होत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑईलमध्ये उतरतं आणि सिलिंडर झिजतो. त्यातच रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी भरलं की क्षार धरून वाटा अरुंद होतात आणि गाडी पुन्हा तापते. तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का, हे आधी पाहा. नसेल तर नवा बसवा, रेडिएटर साफ करून घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट भरा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा इंजिन खाली असतानाच पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या घ्या.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी प्लग न लावता, इग्निशन आणि पेट्रोल बंद ठेवून, ऑईलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा. त्यानंतर ‘हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही’ हा सल्ला मनावर घेऊ नका. रिंगेला सिलिंडरवर दाबतो तो जळणाऱ्या वायूचा दाब. गाडी लाडाने चालवली तर दाबच तयार होत नाही आणि रिंग बसायच्या आत रेघा गुळगुळीत होतात. मध्यम वेगात अर्धा-पाऊण ॲक्सिलरेटर द्या, मग पाय काढून गिअरमध्येच वेग उतरू द्या, पुन्हा चढवा. उभ्या उभ्या रेस करू नका, फार वरच्या आरपीएमवर नेऊ नका, पहिलं ऑईल 500 किलोमीटरला बदला. चंद्रपूर-मूल-गडचिरोली रस्ता या चढउताराला चांगला आहे, पण दिवसाच जा. नव्या इंजिनाची गाडी बंद पडली म्हणून अंधारात बॉनेट उघडून उभं राहण्याजोगं वाटेतलं जंगल नाही.

कागदांचं थोडक्यात. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. 2002 ची गाडी 2017 मध्येच त्या टप्प्यावर आली, पुढे फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरसीवरची मुदत आणि पर्यावरण कराची पावती पाहून घ्या. बोअर केल्याने इंजिन नंबर बदलत नाही. ब्लॉकच दुसरा बसवला तर बदलतो आणि तो आरटीओत नोंदवावा लागतो. ‘व्हिंटेज’ची सवलत तुम्हाला नाही, ती 50 वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना आहे.

तूर्त इंजिनाचा एकही नट सैल करू नका. चारही सिलिंडरचे कोरडे आणि ओले आकडे, सोबत सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आणि तापल्यानंतरचा धूर कसा होता हे लिहून पाठवा. त्यावरून हेड उतरवायचं की पूर्ण इंजिन, ते सांगता येईल.